तटस्थ देश महायुद्धात कसा ओढला जातो?

युद्धात तटस्थ राहणे म्हणजे काहीही न करणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तटस्थता हा खर्चिक आणि खटपटीचा उद्योग आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात तिला ठरावीक अर्थ आहे, तिच्याबरोबर हक्क येतात तशी बंधनेही येतात, आणि ती बंधने पाळण्यासाठी सैन्य, पैसा व सतत जागे असणारे परराष्ट्र खाते लागते. एवढे करूनही ती टिकेल याची हमी कोणी देत नाही. 1939 मध्ये युरोपातील अनेक देशांनी तटस्थता जाहीर केली होती. त्यांपैकी 1945 पर्यंत ती निभावू शकले ते स्वित्झर्लंड, स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड आणि काही चिमुकली राज्ये. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, डेन्मार्क, नॉर्वे, युगोस्लाव्हिया यांच्या घोषणा कागदावरच राहिल्या.

असा देश युद्धात का उतरला, या प्रश्नाला पाठ्यपुस्तके बहुधा एका घटनेचे उत्तर देतात. अमुक जहाज बुडाले, तमुक तार उघडकीस आली, बंदरावर बॉम्ब पडले. या घटना खऱ्या असतात, परंतु तेवढ्याच मोठ्या किंवा त्याहून मोठ्या घटना घडूनही युद्ध न झाल्याची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत. म्हणून घटनेच्या मागे जाऊन एक हिशेब पाहावा लागतो. लढणारे दोन्ही पक्ष सतत तोलत असतात की हा देश तटस्थ असण्याने आपला तोटा जास्त होतो, की तो शत्रू झाल्याने जास्त होईल. जोपर्यंत दोघांच्याही लेखी तटस्थ देश स्वस्त पडतो, तोपर्यंत तो सुरक्षित असतो. हा हिशेब एका बाजूने जरी उलटला तरी तटस्थता संपते, आणि तो उलटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या राजधानीत.

कायदा काय सांगतो

तटस्थतेचे लिखित नियम मुख्यतः 1907 च्या हेग परिषदेतील दोन करारांत आहेत. जमिनीवरील युद्धासाठी पाचवा करार आणि सागरी युद्धासाठी तेरावा. तटस्थ देशाची भूमी अनुल्लंघनीय आहे, लढणाऱ्या देशांनी तिच्यावरून सैन्य किंवा दारूगोळा नेऊ नये, हा त्याचा हक्क. मात्र असे कोणी करू लागल्यास ते थांबवणे हे त्याच देशाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी त्याने शस्त्र उचलले तरी ते शत्रुत्वाचे कृत्य मानले जात नाही. पळून आलेल्या सैनिकांना आश्रय द्यायचा तर त्यांना युद्ध संपेपर्यंत स्थानबद्ध ठेवावे लागते. सागरी नियम तर अतिशय बारकाईने लिहिलेले आहेत. देशाचा स्वतःचा वेगळा कायदा नसल्यास लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेला तटस्थ बंदरात 24 तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही. वादळ किंवा बिघाड हे अपवाद. शत्रुपक्षांच्या दोन नौका एकाच वेळी बंदरात असतील, तर एक निघाल्यावर दुसरीला निदान 24 तासांनीच सोडायचे, म्हणजे बंदराच्या तोंडाशीच लढाई जुंपणार नाही.

या सगळ्या नियमांत एक मोठी फट ठेवलेली आहे. तटस्थ सरकारने स्वतः युद्धसाहित्य पुरवू नये, पण त्याच्या देशातील खाजगी कंपन्यांनी ते विकले तर सरकारने अडवलेच पाहिजे असे बंधन नाही. निर्बंध घातले तर मात्र ते दोन्ही पक्षांना सारखेच लागू करावे लागतात. त्या काळच्या व्यापारी राष्ट्रांना हे सोयीचे होते. परंतु कागदावर सारखे असलेले नियम समुद्रावर सारखे राहत नाहीत, कारण ज्याचे आरमार बळकट त्यालाच माल नेता येतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे जे झाले ते या फटीतून.

काही देशांच्या बाबतीत इतक्या गुंतागुंतीची गरजच पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. बेल्जियमच्या तटस्थतेला 1839 च्या लंडन तहाने ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या पाच सत्तांनी हमी दिली होती. जर्मनीच्या युद्धयोजनेत पॅरिसचा रस्ता बेल्जियममधून जात होता. 2 ऑगस्ट 1914 च्या संध्याकाळी बेल्जियमच्या हाती निर्वाणीचा खलिता पडला. उत्तरासाठी मुदत 12 तासांची. बेल्जियमने नकार दिला आणि 4 ऑगस्टला जर्मन फौजा सीमा ओलांडून आत आल्या. बेल्जियमची चूक एवढीच की तो वाटेत होता. 1941 मध्ये इराणचेही असेच झाले. ब्रिटनला रशियाकडे रसद पोचवण्याचा रस्ता आणि तेलविहिरी हव्या होत्या. इराणमधील जर्मन नागरिकांचे निमित्त पुढे करून ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा 25 ऑगस्टला दोन्हीकडून घुसल्या. आक्रमणाचे दूषण एकाच गटाला देऊन मोकळे होता येत नाही, ते यासाठी.

अमेरिका, 1914 ते 1917

अमेरिकेचे उदाहरण सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण ती कोणाच्या वाटेत नव्हती. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर होता. ऑगस्ट 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी नागरिकांना कृतीत आणि विचारातही निःपक्षपाती राहण्याचे आवाहन केले. देशात जर्मन वंशाचे लाखो लोक होते, ब्रिटनवर राग असलेले आयरिश होते, आणि युरोपच्या भांडणात पडू नये असे बहुतेकांचे मत होते.

ब्रिटनने जर्मनीची सागरी नाकेबंदी केली. नोव्हेंबर 1914 मध्ये संपूर्ण उत्तर समुद्र हा युद्धक्षेत्र असल्याचे जाहीर केले, युद्धनिषिद्ध मालाची यादी वाढवत नेली आणि तटस्थ जहाजे तपासणीसाठी आपल्या बंदरांत वळवली. त्या काळच्या सागरी संकेतांचा हा उघड भंग होता. अमेरिकेने निषेधाचे खलिते पाठवले, पण त्यापुढे गेली नाही. परिणामी जर्मनीशी होणारा व्यापार जवळजवळ शून्यावर आला, तर ब्रिटन-फ्रान्स गटाकडे जाणारी निर्यात 1914 मधील सुमारे 82 कोटी डॉलरवरून 1916 मध्ये 3 अब्ज 20 कोटी डॉलरच्या आसपास पोचली. गहू, कापूस, तांबे, पोलाद, काडतुसे, घोडे, सगळे एकाच दिशेने जाऊ लागले. वॉशिंग्टनमध्ये पक्षपाताचा निर्णय कोणी घेतला नव्हता, आणि व्यवहार मात्र पुरता एकतर्फी झाला होता.

मग पैशाचा प्रश्न आला. युद्धाच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी लढणाऱ्या देशांना कर्ज देण्यास विरोध केला होता. पैसा हाच सर्वांत घातक निषिद्ध माल आहे, कारण बाकीचा सारा माल त्यानेच विकत घेता येतो, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता, पण कारखान्यांच्या मागण्या आणि शेतमालाचे चढे भाव त्याच्या विरुद्ध होते. ग्राहकाकडचे रोख पैसे संपत आले की दुकानदार उधारी सुरू करतो, आणि मग ग्राहकाची पत टिकण्यात त्याचाच स्वार्थ गुंततो. अमेरिकेचेही तसेच झाले. आधी अल्पमुदतीच्या पतपुरवठ्याला वाट मिळाली, 1915 च्या शरद ऋतूत ब्रिटन आणि फ्रान्ससाठी 50 कोटी डॉलरचे कर्ज उभारले गेले, आणि 1917 च्या वसंतापर्यंत या गटाला दिलेली रक्कम 2 अब्ज डॉलरच्या वर गेली. जर्मनीला मिळालेले कर्ज त्याच्या पासंगालाही पुरणारे नव्हते.

जर्मनीचे उत्तर होते पाणबुडी. तिच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण होती आणि पुढचे सारे राजकारण तिच्याभोवती फिरले. जुन्या संकेतानुसार व्यापारी जहाज दिसले की ते थांबवायचे, त्याची झडती घ्यायची, आणि बुडवायचेच असेल तर आधी त्यावरील माणसांना सुरक्षित ठिकाणी पोचवायचे. मोठ्या युद्धनौकेला हे जमे. पाणबुडीचे कवच पातळ, तिच्यात माणसे घ्यायला जागा नाही, आणि पाण्यावर येऊन थांबली तर लपवलेली एखादी तोफ किंवा जहाजाची साधी धडकही तिला बुडवू शके. म्हणजे पाणबुडीने नियम पाळायचे तर तिचा उपयोगच उरत नव्हता, आणि नियम मोडायचे तर तटस्थ देशांचे नागरिक मरणार होते.

7 मे 1915 रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यू-20 या पाणबुडीने लुसितानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. 1,198 माणसे मेली, त्यांत 128 अमेरिकी होती. जहाज न्यूयॉर्कहून निघण्यापूर्वी जर्मन दूतावासाने वृत्तपत्रांत धोक्याची सूचना छापली होती, आणि जहाजावर काडतुसांच्या पेट्याही होत्या. पुष्कळांना वाटते की अमेरिका यामुळे युद्धात उतरली. ती उतरली त्यानंतर तब्बल 23 महिन्यांनी. विल्सन यांनी कडक खलिते पाठवले. ते जर्मनीशी जास्त कठोर आणि ब्रिटनशी जास्त सौम्य आहेत असे वाटून ब्रायन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. मार्च 1916 मध्ये ससेक्स या बोटीवर हल्ला झाला, तेव्हा विल्सन यांनी संबंध तोडण्याची धमकी दिली आणि मे महिन्यात जर्मनीने चक्क माघार घेतली: यापुढे इशारा दिल्याशिवाय व्यापारी जहाजे बुडवणार नाही, असे वचन दिले. अमेरिकेचे शत्रुत्व तेव्हा बर्लिनला परवडणारे नव्हते.

वर्षअखेरीस हा हिशेब फिरला. नाकेबंदीने जर्मनीत अन्नाचे हाल सुरू झाले होते, आणि पश्चिम आघाडीवर जर्मन सैनिकांवर पडणारा दारूगोळा अमेरिकी मालावर आणि अमेरिकी उधारीवर चालला होता. डिसेंबर 1916 मध्ये जर्मन नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांनी एक टिपण सादर केले. दरमहा 6 लाख टनांची जहाजे बुडवली तर पाच महिन्यांत ब्रिटन शरण येईल, आणि अमेरिकेचे सैन्य युरोपात पोचण्याआधीच सगळे आटोपेल, असे त्यात मांडले होते. अमेरिकेचे खडे सैन्य तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होते, त्यामुळे हा तर्क अगदीच वेडेपणाचा नव्हता. 9 जानेवारी 1917 रोजी प्लेस येथील बैठकीत जर्मन सम्राट कैसरने संमती दिली. 1 फेब्रुवारीपासून ब्रिटनभोवतीच्या पाण्यात कोणाचेही जहाज बिनइशारा बुडवले जाणार होते.

अमेरिका सावकारांनी युद्धात ढकलली, असा आरोप पुढे तिथल्या संसदीय चौकशीपर्यंत गेला. माझ्या मते त्यात अर्धेच तथ्य आहे. कर्ज बुडू नये म्हणून विल्सन लढले, असे दाखवता येत नाही. पण त्या कर्जावर आणि व्यापारावर ब्रिटनचे युद्ध चालत असल्यामुळे जर्मनीच्या दृष्टीने अमेरिका अर्धी शत्रू झालीच होती. तिला पुरती शत्रू करण्याने फारसे बिघडत नाही, असे बर्लिनला वाटू लागले. पैशाने परिणाम केला तो तिथे.

त्यातच जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार उघडकीस आली. अमेरिका युद्धात आली तर मेक्सिकोने जर्मनीशी हातमिळवणी करावी, मोबदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवावे, असा तिचा मजकूर होता. ही तार गेली कशी, हे पाहण्यासारखे आहे. युद्धाच्या आरंभीच ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या होत्या. शांततेच्या वाटाघाटी चालाव्यात म्हणून विल्सन यांनी जर्मनीला अमेरिकेच्याच राजनैतिक तारमार्गाचा वापर करू दिला होता. बर्लिनमधील अमेरिकी वकिलातीतून सांकेतिक लिपीत निघालेला तो संदेश वॉशिंग्टनच्या जर्मन दूतावासात पोचला आणि तिथून मेक्सिकोला गेला. वाटेत ती तार लंडनमधून जात होती, आणि ब्रिटिश गुप्तलेखनतज्ज्ञ ती वाचत होते. आपण अमेरिकेच्या तारांवर कान लावून बसलो आहोत हे उघड होऊ नये, म्हणून ब्रिटिशांनी मेक्सिकोतील तार कार्यालयातून दुसरी प्रत मिळवली आणि तीच अमेरिकेला दाखवली. 1 मार्चला वृत्तपत्रांत बातमी आली. ती बनावट असल्याचे सांगून सुटता आले असते, पण 3 मार्चला झिमरमान यांनी स्वतःच ती खरी असल्याचे कबूल केले. मार्चच्या मध्यावर तीन अमेरिकी व्यापारी जहाजे बुडाली. 2 एप्रिलला विल्सन यांनी संसदेपुढे युद्धाची मागणी केली. सीनेटमध्ये 82 विरुद्ध 6 आणि प्रतिनिधिगृहात 373 विरुद्ध 50 मतांनी ती मान्य झाली.

घरातूनच उघडलेला दरवाजा

अमेरिकेत निदान निर्णय संसदेत झाला. ऑस्मानी तुर्कस्तानात तो एका मंत्र्याने आणि एका परदेशी नौदल अधिकाऱ्याने मिळून घेतला असे म्हणता येईल. तुर्कस्तानसाठी दोन मोठ्या युद्धनौका ब्रिटनच्या गोद्यांत बांधून तयार होत होत्या, आणि त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते. ऑगस्ट 1914 च्या सुरुवातीला ब्रिटनने त्या ताब्यात घेतल्या. लोक संतापले. त्याच सुमारास, 2 ऑगस्टला, युद्धमंत्री एन्व्हर पाशा आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी जर्मनीशी गुप्त तह केला होता. मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. जगापुढे तुर्कस्तान तटस्थच होते.

10 ऑगस्टला भूमध्य समुद्रात ब्रिटिश आरमाराला चुकवून गोएबेन आणि ब्रेस्लाउ या दोन जर्मन युद्धनौका दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी आल्या आणि त्यांना आत घेतले गेले. तटस्थतेच्या नियमानुसार त्यांना 24 तासांत बाहेर काढायला हवे होते किंवा निःशस्त्र करून ठेवायला हवे होते. तुर्की सरकारने जाहीर केले की या नौका आम्ही विकत घेतल्या आहेत. त्यांना यावुझ सुलतान सेलिम आणि मिदिल्ली अशी नावे दिली, तुर्की निशाण चढवले. खलाशी जर्मनच राहिले, फक्त त्यांच्या डोक्यावर तुर्की फेज टोप्या आल्या. जर्मन ॲडमिरल सूखॉन तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. ऑक्टोबरमध्ये जर्मनीहून सोने आले. महिन्याच्या अखेरीस एन्व्हर यांच्या संमतीने सूखॉन काळ्या समुद्रात गेला आणि 29 ऑक्टोबरला त्याने ओडेसा, सेव्हास्तोपोल आणि इतर रशियन बंदरांवर तोफा डागल्या. दुसऱ्या दिवसापासून मंत्रिमंडळात रडारड आणि राजीनामे. अर्थमंत्री जाविद बे बाहेर पडले. 2 नोव्हेंबरला रशियाने आणि 5 नोव्हेंबरला ब्रिटन-फ्रान्सने युद्ध पुकारले. देशातील एका गटाला युद्ध हवे असेल आणि शस्त्रांची किल्ली त्याच्याच हाती असेल, तर बाकीच्यांची तटस्थता काय कामाची, हे या तीन महिन्यांत दिसते.

इटलीने याच काळात उघड लिलाव मांडला होता. जर्मनी-ऑस्ट्रियाशी तिचा जुना तह होता, पण ती बाजूला राहिली, दोन्हीकडून बोली ऐकत राहिली, आणि एप्रिल 1915 मध्ये लंडनच्या गुप्त करारात ऑस्ट्रियाचा जास्त प्रदेश देऊ करणाऱ्या गटाकडे गेली. तिला ओढले गेले असे म्हणण्यापेक्षा ती चालत गेली म्हणणे बरोबर ठरेल.

दोन्ही बाजूंना हवी असलेली किनारपट्टी

नॉर्वेची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथल्या सरकारला कोणत्याही बाजूने लढायचे नव्हते. अडचण होती स्वीडनच्या लोहखनिजाची. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना ते लागे. उन्हाळ्यात ते बाल्टिक समुद्रातून जाई, पण हिवाळ्यात तिथले लुलेओ बंदर गोठले की रेल्वेने नॉर्वेच्या नार्विक बंदरात येई आणि तिथून जहाजे नॉर्वेच्या सागरी हद्दीतून, किनारा धरून दक्षिणेकडे जात. ही हद्द तटस्थ असल्यामुळे ब्रिटिश आरमाराला हात चोळत पाहत राहावे लागे. तटस्थतेचा अचूक अंमल केला की तो जर्मनीच्या फायद्याचा ठरत होता, आणि मोडला की ब्रिटनच्या.

फेब्रुवारी 1940 मध्ये सुमारे 300 ब्रिटिश कैद्यांना घेऊन आल्टमार्क हे जर्मन जहाज याच पाण्यातून परत चालले होते. नॉर्वेच्या नौदलाने त्याची वरवर तपासणी केली आणि कैदी सापडले नाहीत. 16 फेब्रुवारीच्या रात्री कॉसॅक ही ब्रिटिश विनाशिका योसिंगफ्योर्डमध्ये शिरली आणि कैदी सोडवून घेऊन गेली. नॉर्वेने निषेध केला. पण गोळी झाडली नाही. लंडनने त्यातून काढलेला अर्थ असा की नॉर्वे जर्मनीला रोखू शकत नाही, आणि बर्लिनने काढलेला अर्थ असा की नॉर्वे ब्रिटनला रोखणार नाही. दोन्ही अर्थांचा शेवट एकच होता. हिटलरने 1 मार्चला आक्रमणाचा आदेश काढला. 8 एप्रिलला ब्रिटिश नौकांनी नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरले आणि ऑस्लोमधील सरकार लंडनला पाठवायच्या निषेधाच्या खलित्यात गुंतले असतानाच जर्मन नौका निघाल्या होत्या. 9 एप्रिलच्या पहाटे त्या येऊन थडकल्या.

मोठ्या घटना आणि न झालेली युद्धे

1 एप्रिल 1944 रोजी अमेरिकी विमानांनी चुकून स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन शहरावर बॉम्ब टाकले. 40 माणसे मेली. अमेरिकेने नुकसानभरपाई दिली आणि प्रकरण मिटले. त्याआधी वर्षभर, मार्च 1943 मध्ये, पोर्तुगालच्या ताब्यातील गोव्यात मुरगाव बंदरात असाच प्रकार झाला होता. तिथे 1939 पासून आसरा घेऊन असलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरून गुप्त संदेश जात असल्याचा ब्रिटिशांचा संशय होता. कलकत्त्याच्या हौशी घोडदळातील काही वयस्क ब्रिटिश गृहस्थांना घेऊन ब्रिटिश हेरखात्याने रात्री जहाजावर छापा घातला. खलाशांनी जहाज बुडवले, आणि शेजारी नांगरलेल्या जर्मन-इटालियन जहाजांचीही तीच गत झाली. तटस्थ बंदरात केलेला हा सरळसरळ हल्ला होता. पोर्तुगाल युद्धात उतरले नाही, कारण त्यात त्याचा काडीचाही लाभ नव्हता. हेच पोर्तुगाल 1916 मध्ये मात्र उतरले होते. ब्रिटनच्या सांगण्यावरून बंदरांतील जर्मन जहाजे जप्त केली आणि जर्मनीने युद्ध पुकारले.

अमेरिकेनेही दुसऱ्या खेपेला हेच दाखवून दिले. पहिल्या युद्धाचा धडा म्हणून 1935 पासून तिथे तटस्थतेचे कायदे झाले: शस्त्रविक्री बंद, कर्जे बंद, लढणाऱ्या देशांच्या जहाजांतून अमेरिकी नागरिकांचा प्रवास बंद. त्यानंतर एकेक कडी निखळत गेली. नोव्हेंबर 1939 मध्ये रोख पैसे आणि स्वतःचे जहाज आणणाऱ्याला शस्त्रे विकण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर 1940 मध्ये तळांच्या बदल्यात ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका दिल्या गेल्या. मार्च 1941 मध्ये उसनवारीच्या कायद्याने मोबदल्याची वाटही पाहायची नाही असे ठरले. सरकारनेच शस्त्रे पुरवायची म्हटल्यावर हेगच्या अर्थाने तटस्थता संपलीच होती. त्या शरद ऋतूत अमेरिकी विनाशिका आणि जर्मन पाणबुड्या एकमेकींवर मारा करत होत्या. 31 ऑक्टोबरला रुबेन जेम्स ही विनाशिका बुडून शंभराहून अधिक खलाशी मेले. तरीही युद्ध नाही. हिटलरला रशियाचा निकाल लागेपर्यंत अमेरिका नको होती, आणि रूझवेल्ट यांच्यामागे पुरेसे जनमत नव्हते.

ठिणगी पडली ती दुसऱ्याच महासागरात. जपान आपल्या तेलापैकी सुमारे 80 टक्के तेल अमेरिकेकडून घेत होता. जुलै 1941 मध्ये त्याने दक्षिण इंडोचीनमध्ये सैन्य घुसवल्यावर अमेरिकेने त्याची मालमत्ता गोठवली आणि तेल तोडले. माल विकल्याने युद्ध ओढवते, तसे तो नाकारल्यानेही ओढवते. साठा संपण्याआधी काय ते करायला हवे, असे टोकियोने ठरवले, आणि 7 डिसेंबरला पर्ल हार्बर झाले. चार दिवसांनी जर्मनीने स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध जाहीर केले.

जे बाहेर राहिले त्यांनीही किंमत मोजली. स्वित्झर्लंडने चार लाखांहून अधिक माणसे शस्त्राखाली आणली आणि आल्प्समधील रेल्वे बोगदे उडवून देण्याची तयारी ठेवली. हल्ला झाला तर जर्मनी-इटलीमधला तो रस्ता कोणाच्याच उपयोगाचा राहिला नसता. त्याच वेळी जर्मनीकडून सोने घेऊन परकीय चलन देणेही चालू होते. स्वीडनने 1940 ते 1943 या काळात सुट्टीवर जाणाऱ्या जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ दिले आणि जून 1941 मध्ये तर शस्त्रसज्ज जर्मन डिव्हिजन नॉर्वेहून फिनलंडला जाऊ दिली. कायद्याच्या चौकटीत हे बसत नाही. वाचलेल्या तटस्थांकडे पाहताना त्यांच्या तत्त्वनिष्ठेचे फार कौतुक करू नये, असे मला वाटते. त्यांनी लवचीकपणा दाखवला, आणि तो त्यांना परवडण्याइतका भूगोल त्यांच्या बाजूने होता.

दुबळ्या देशाला तीही सोय नसते. लाओसच्या तटस्थतेची घोषणा 1962 मध्ये जिनिव्हात 14 देशांच्या सहीने झाली. उत्तर व्हिएतनामचा रसदमार्ग त्याच्या जंगलांतून जात राहिला आणि तो तोडण्यासाठी व तिथल्या यादवीत अमेरिकेने 1973 पर्यंत 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. शेजारच्या कंबोडियात राष्ट्रप्रमुख सिंहनूक यांनी वर्षानुवर्षे दोन्हीकडे सांभाळून घेतले. मार्च 1969 मध्ये तिथेही गुप्त बॉम्बफेक सुरू झाली आणि वर्षभरात त्यांची सत्ता गेली. आपल्या भूमीवर घुसलेल्या एका पक्षाला जो बाहेर काढू शकत नाही, त्याच्या भूमीवर दुसरा पक्षही येतो.

आजची स्थिती

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने आक्रमक आणि आक्रमित यांत फरक केला, त्यामुळे दोघांना सारखे वागवण्याची जुनी कल्पना सैल झाली. 1974 च्या ठरावातील आक्रमणाच्या व्याख्येनुसार, दुसऱ्यावर हल्ला करण्यासाठी आपली भूमी वापरू देणे हेही आक्रमणच ठरते; फेब्रुवारी 2022 मध्ये बेलारूसमधून रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या तेव्हा हे कलम पुन्हा चर्चेत आले. युक्रेनला शस्त्रे देणारे देश मात्र आपण युद्धात सहभागी नाही असे म्हणतात. स्वित्झर्लंडने आपल्या देशात बनलेला दारूगोळा जर्मनीमार्फत युक्रेनला जाऊ दिला नाही, पण युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले. तेवढ्यावरून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाने सांगितले की स्वित्झर्लंड आता तटस्थ राहिलेले नाही, आणि रशियातील युक्रेनचे हितसंबंध पाहण्याची त्याची तयारी फेटाळली. स्विस सरकारचे म्हणणे वेगळे होते, पण मध्यस्थाला दोन्ही पक्षांची मान्यता लागते.

हेगच्या पाचव्या कराराचे आठवे कलम म्हणते की आपल्या देशातील तारा, दूरध्वनी किंवा बिनतारी यंत्रणा लढणाऱ्या देशांनी वापरल्या तर तटस्थ देशाने त्या बंद करण्याची सक्ती नाही. बंद केल्या तर दोघांसाठी कराव्यात, एवढेच. 1907 मध्ये तारेतून निरोप जात असे. आज खाजगी कंपनीच्या उपग्रहावरून तोफेच्या निशाण्याची छायाचित्रे जातात आणि त्याच जाळ्यातून ड्रोन चालवता येतात. अशी कंपनी ज्या देशात नोंदलेली आहे त्याला आठव्या कलमाचा आडोसा घेता येतो की नाही, आणि शत्रूने तो उपग्रह पाडला तर तो त्या देशावरचा हल्ला धरायचा की नाही, यावर राष्ट्रांमध्ये अजून एकमत झालेले नाही.